कुठल्या तडीच्या पार?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आगरी आजी राहते. तिचा नातू बरेच दिवस दिसला नव्हता, म्हणून भाजीच्या गाडीपाशी गाठ पडली तेव्हा सहज विचारलं, "मावशी, नातू गावाला गेलाय का?" तिने कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला तरीपार केला."

मला वाटलं, उच्चार निसटला असेल, तिला दात नाहीत. घरी येईपर्यंत कळलं की दातांचा इथे काही संबंध नाही. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा होतो. त्याच चालीवर तडीपारचं तरीपार झालं होतं. गंमत अशी की या बदललेल्या शब्दालाही स्वतःचा अर्थ आहे, आणि तो मूळ शब्दाला शोभेल असा आहे. तर म्हणजे नदी किंवा खाडी ओलांडून देणारी होडी. संस्कृतात 'तरी' म्हणजे नावच. नातवाला होडीत बसवलं, पैलतीरावर उतरवलं आणि होडी रिकामी परत आली, असं चित्र आजीच्या एका शब्दात उभं राहत होतं. प्रत्यक्षात पोरगा नाशिकला मावशीकडे होता आणि मध्ये खाडी नव्हे, कसारा घाट होता.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसला.

पहिली गोष्ट ही की सरकारी कागदात 'तडीपार' सहसा नसतोच. तिथे असतो 'हद्दपार'. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची कलमं ५५, ५६ आणि ५७ यांखाली जो आदेश निघतो, तो 'हद्दपार आदेश'. वर्तमानपत्रं मथळ्यात 'तडीपार' छापतात आणि खालच्या मजकुरात हळूच 'हद्दपार'वर येतात. गल्लीत मात्र फक्त तडीपार. वर गल्लीतले लोक म्हणतात, "कोर्टाने तडीपार केला." तेही तितकंसं खरं नाही. हा आदेश न्यायाधीश देत नाहीत. पोलीस आयुक्तालय असेल तिथे पोलीस उपायुक्त देतो, नसेल तिथे प्रांत. नोटीस निघते, सुनावणी होते, वकील उभा राहतो, आदेश लिहिला जातो. सगळा थाट कोर्टाचा, फक्त कोर्ट नाही. लोकांची चूक झाली असली तरी ती समजण्यासारखी आहे. ज्याने घर सोडायला लावलं ते कोर्टच, असा त्यांचा साधा हिशेब.

आता दोन शब्द शेजारी ठेवू. हद्द अरबी. मूळ 'हद्द' म्हणजे सीमा, मर्यादा. मराठीत तिने उत्तम संसार थाटला: शेताची हद्द, पोलीस ठाण्याची हद्द, आणि कोणी फार ताणलं की "हद्द झाली!" तडी मात्र घरची. संस्कृत तट, त्याचा प्राकृतात तड. वट चा वड झाला, कटु चं कडू झालं, शाटीची साडी झाली, त्याच वाटेने तटाची तड आली. म्हणजे आगरी आजीने केलं ते नवीन काहीच नव्हतं. 'ट'चा 'ड' करायला आपल्या पूर्वजांनी काही शतकं घेतली, आजीच्या पूर्वजांनी त्याच्या पुढे आणखी एक पाऊल टाकलं. तटी, तडी, तरी. एकाच शब्दाची तीन वयं एका वाक्यात भेटावीत, असं फार वेळा होत नाही.

आणि तडी हा काही वाईट शब्द नव्हे. हाती घेतलेलं काम आपण तडीस नेतो. रखडलेल्या प्रकरणाची तड लावतो. वादाची तड लागत नाही म्हणून कुरकुरतो. यातली तड म्हणजे काठच. पाण्यात उतरलेल्याला काठाला लावायचं, बुडू द्यायचं नाही. तडजोडीत मला दोन काठ जोडणं दिसतं. ही माझी वाचण्याची रीत समजा, पण तड आणि जोड हे दोन तुकडे त्यात उघड्या डोळ्यांना दिसतात. दुसरीकडे संस्कृतातला तट तसाच्या तसाही मराठीत राहिला आणि निराळ्याच धंद्याला लागला. किल्ल्याचा तट, तटबंदी, गावात पडलेले दोन तट, आणि तटस्थ. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. पाण्यात कोण गटांगळ्या खातंय ते बघणारा, पाय न भिजवणारा. या शब्दाकडे मला परत यायचं आहे, कारण त्यात मी स्वतः अडकलो आहे.

मुंबईच्या बोलीत 'तडी देणे' म्हणजे दम देणे, पण ती तडी वेगळी, नदीकाठची नव्हे. तरी पोलीस ठाण्यात कोणीतरी कधीतरी हा विनोद केलाच असणार: तडी देणाऱ्याला तडीपार.

ज्या काळी नदी हीच हद्द होती त्या काळात हे दोन शब्द एकच होते. नदीच्या अलीकडे आपला मुलूख, पलीकडे दुसऱ्याचा. माणसाला पाणी ओलांडून दिलं की काम झालं. पनवेलला हे चित्र समजायला कठीण जाऊ नये. हे गाव गाढी नदीच्या काठावरचं आणि खाडीच्या तोंडाशी वसलेलं जुनं बंदर. बोरघाट उतरून आलेला माणूस इथे होडीत बसायचा आणि मुंबईला उतरायचा. इथल्या माणसाला मुंबई म्हणजे खरोखर पाण्यापलीकडचा मुलूख होता. मग वाशीचा खाडीपूल झाला, हार्बर लोकल आली, १२ जानेवारी २०२४ ला शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतचा अटल सेतू झाला. विमानतळासाठी तर उलवे नदीचा प्रवाहच वळवला. जिथे नदीच जागा बदलते तिथे तडीपार कोण कोणाला कुठे करणार?

म्हणून कायद्याने तड सोडली आणि हद्द धरली. पण पनवेलमध्ये हद्दीची अवस्था तडीहून बरी आहे असं नाही. महसुलाच्या हिशेबाने पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात, जिल्हाधिकारी अलिबागला. पोलिसांच्या हिशेबाने नवी मुंबई आयुक्तालयात. नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, तिची १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली. जोडीला सिडकोची हद्द आहे, रेल्वे पोलिसांची वेगळीच. दारासमोरचा खड्डा कोणाच्या हद्दीत हे ठरवायला आमच्याकडे एक पावसाळा लागतो. अशा गावातून माणसाला 'हद्दीबाहेर' काढायचं म्हणजे आधी हद्द कुठली ते नीट लिहावं लागतं. त्यामुळे आदेशात जिल्ह्यांची माळच असते: नवी मुंबई, ठाणे, रायगड, कधी मुंबई शहर आणि उपनगरही. लगतचे जिल्हे का घातले याची कारणं द्या, उगाच माळ लांबवू नका, असं उच्च न्यायालयाला अनेकदा सांगावं लागलं आहे.

लगतचे जिल्हे का घालावे लागतात, याची एक जुनी गोष्ट आहे. १९५१ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी एका माणसाला बृहन्मुंबईतून काढलं. तेव्हा १९०२ चा मुंबई शहर पोलीस कायदा चालू होता. आदेश होता, मूळ गावी, अमृतसरला जा. त्याने अर्ज केला, इतक्या लांब नको. परवानगी मिळाली आणि तो राहिला कुठे? कल्याणला. लोकल पकडली की तासाभरात मुंबई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५२ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. संपूर्ण देशात संचार करण्याच्या नागरिकाच्या हक्कावर लोकहितासाठी असं वाजवी बंधन घालता येतं, असा निकाल. कायद्याच्या विद्यार्थ्याला यात संचारस्वातंत्र्य दिसतं. मला कल्याण दिसतं. मुंबईची पैलतड म्हणजे कल्याण, आणि कल्याणची? एकाचा पार हा दुसऱ्याचा आवार असतो, आणि त्या आवारातल्या लोकांना कोणी विचारत नाही.

या सगळ्या हद्दींच्या गोंधळात पनवेल तालुक्याने एक माणूस असा दिला आहे, ज्याच्या बाबतीत तडीपार आणि हद्दपार यांतला फरक काटेकोरपणे मोजता येतो. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. गाव मुंबई-गोवा रस्त्यावर, पनवेलपासून हाकेच्या अंतरावर, वाडा आजही उभा आहे. १८७९ मध्ये रामोशांना घेऊन त्यांनी बंड केलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्प्याला दरोडा घातला. पळस्पे फाट्यावर आज ज्या ठिकाणी आपण ट्रॅफिकला शिव्या देत बसतो, तिथलीच ही गोष्ट. इंग्रजांच्या दप्तरी फडके दरोडेखोर होते. जुन्या मराठी दप्तरात अशा माणसाला 'पुंड' म्हटलं असतं आणि त्याच्या उद्योगाला 'पुंडावा'. पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतलं, आणि शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. फडक्यांना नेलं एडनला. समुद्र ओलांडला, म्हणजे शब्दशः तडीपार. पण त्या काळी एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. १९३२ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे ज्या सरकारने त्यांना देशाबाहेर धाडलं, त्याच सरकारच्या हद्दीत ते शेवटपर्यंत होते. तडीपार झाले, हद्दपार झालेच नाहीत. एकदा ते तुरुंगातून निसटले. थोड्याच वेळात धरले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनमध्येच गेले. शिरढोणच्या वाड्याशी उभं राहून मी कधी कधी मनाशी मोजतो: गाढी, पनवेलची खाडी, मुंबई बंदर, अरबी समुद्र. एवढ्या तडी ओलांडून माणूस इलाख्यातच.

उलट शब्द हवा असेल तर 'स्थानबद्ध' घ्या. तडीपाराला एका जागेपासून तोडतात, स्थानबद्धाला एका जागेशी बांधतात. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात असेच बांधलेले होते. आज हाच शब्द १९८१ च्या एका कायद्यासाठी वापरतात, आणि त्या कायद्याचं नाव म्हणजे मराठी शब्दांचं प्रदर्शनच आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार व धोकादायक व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याबाबतचा तो कायदा. पुढे त्यात वाळूतस्करही आले. एवढं नाव घ्यायला दम लागतो, म्हणून पोलीस आणि पत्रकार 'एमपीडीए' म्हणतात. पण मूळ नावातला पहिला शब्द बघा. 'झोपडपट्टीदादा'. विधिमंडळाने मंजूर केलेल्या कायद्याच्या मथळ्यात आपल्या घरातला थोरला भाऊ बसला आहे. इंग्रजी मथळ्यात तिथे झोपड्यांचा मालक आहे, मराठीत दादा. मराठीला बरोबर ठाऊक होतं, की वस्तीवर हुकमत चालते ती सातबाऱ्याने नव्हे, नात्याच्या हाकेने. दादा, भाई, अण्णा, नाना. ज्याला भ्यायचं त्याला आधी घरात घ्यायचं ही आपली जुनी सवय. देवीला आई म्हणतो त्यातलाच प्रकार. त्या 'दादा'ला फारसीतला 'गिरी' प्रत्यय जोडला आणि दादागिरी झाली. थोरल्या भावाचा तो धंदा झाला.

बाकीच्या नावांचे प्रवास याहून लांबचे. मवाली हा मूळ अरबी 'मौला'चा बहुवचनी अवतार. सुरुवातीच्या इस्लामी काळात जे अरब नव्हते पण एखाद्या अरब टोळीच्या आश्रयाला राहिले, ते मवाली. पुढे आश्रित, सोबती, बरोबरचे लोक असा अर्थ पसरला, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत नाक्यावर कोणाच्या तरी जिवावर उड्या मारणारं पोरगं झालं. अर्थ फारसा बदलला आहे असं मला वाटत नाही. आश्रयदाता तेवढा बदलला. गुंड या शब्दाला विदर्भात विचाराल तर कोणी पाण्याचं मोठं भांडं दाखवील. त्याचीच धाकटी ती गुंडी. गोलाई हा त्यातला सांधा. त्याच आवाजाचा गुंडा बंगालमध्ये १९२३ सालीच कायद्याच्या नावात जाऊन बसला होता, आणि इंग्रजी कोशांनीही त्याला घेतलं.

वर्तमानपत्राला यांतलं काहीच लिहायचं नसतं तेव्हा ते लिहितं 'समाजकंटक'. हा शब्द नेहमी अनेकवचनात येतो आणि नेहमी अज्ञात असतो: "अज्ञात समाजकंटकांनी दगडफेक केली." कंटक म्हणजे काटा. कल्पना थेट कौटिल्याची. अर्थशास्त्राचं चौथं अधिकरण 'कण्टकशोधन'. राज्याच्या पायात रुतलेले काटे काढणे. पण त्याची अनुक्रमणी उघडून पाहा. सुरुवात नाक्यावरच्या पोरांपासून होत नाही. आधी कारागीर, मग व्यापारी: मापात मारणारे, भेसळ करणारे, सुताचं वजन कमी भरणारे. पुढे एक अख्खा अध्याय सरकारी खात्यांवर नजर ठेवण्याचा. कौटिल्याच्या काट्यांत अधिकारीही होते. आजच्या समाजकंटकांत ते येत नाहीत. शब्द आपण त्याचा घेतला, यादी सोयीने आखूड केली.

तडीपारीच्या आधी एक पायरी असते. आजीच्या नातवाच्या बाबतीतही ती झाली. गल्लीत त्याला म्हणत "चॅप्टर भरला". फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात शांतता राखण्याची आणि चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची तरतूद होती. प्रकरण म्हणजे चॅप्टर, म्हणून ती केस 'चॅप्टर केस'. कलम १०७, कलम ११०. "एकशेसाताची नोटीस आली" हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर ऐकू येईल. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. १०७ चं १२६ झालं, ११० चं १२९, आणि आठवं प्रकरण नववं झालं. लोक मात्र 'चॅप्टर'च म्हणतात, त्यांना आकड्याची गरज कधी नव्हतीच. चारशेवीसचंही तसंच. फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे, पण "तो पक्का तीनशेअठरा आहे" असं कोणी म्हणेल तेव्हा मी लेखणी ठेवीन. आपण बेरकी माणसाला 'चाप्टर' म्हणतो तोही याच केसमधून सुटून आला असावा, असा माझा संशय आहे. ज्याच्यावर वारंवार चॅप्टर भरतात आणि जो वारंवार बाहेर येतो, तो चाप्टर. संशयाचा फायदा वाचकाने द्यावा.

चॅप्टर केसमध्ये लिहून घेतात तो 'जातमुचलका'. या शब्दाने माझी एकदा चांगलीच फजिती केली होती. शाळकरी वयात मी समजत असे की यात माणसाची जात लिहून घेतात. ही जात ती नव्हे. ही फारसी-अरबीतली 'जात', म्हणजे स्वतः. "साहेबांनी जातीने लक्ष घातलं" यातली. मुचलका तुर्कीतून आला, लेखी हमी. म्हणजे अरबी 'स्वतः', तुर्की 'हमी', आणि लिहून देणारा पनवेलचा आगरी पोरगा: मी एक वर्ष नीट वागेन.

तो नीट वागला नाही, हे सांगायला हवं. मोटारसायकलचा सायलेन्सर काढून रात्री एकला गल्लीत फेऱ्या, गाड्यांचे आरसे फोडणं, वडापाववाल्याकडून रोज पाच-सहा वडे आणि वर पन्नासची नोट. खून नाही, दरोडा नाही. पण संध्याकाळी सातनंतर बायका कोपऱ्यावरून वळत नसत. एकेक कृत्य इतकं किरकोळ की त्याची तक्रार करायला लाज वाटावी, आणि सगळी मिळून इतकी जड की गल्ली वाकली. जगभर याच दुखण्यावर कायदे शोधले गेले. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने असा एक आदेश आणला. त्याच्या आद्याक्षरांचा 'ॲस्बो' हा शब्द झाला. तो मात्र खरोखर कोर्टाचा आदेश होता: या रस्त्यावर यायचं नाही, अमक्याला भेटायचं नाही. आदेश दिवाणी स्वरूपाचा, मोडला तर गुन्हा. सांगाडा आपल्या हद्दपारीसारखाच, आपल्याकडेही आदेश मोडून परतल्यास कलम १४२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. तिकडे काही वर्षांत पोरं 'ॲस्बो' बिल्ल्यासारखा मिरवू लागली, इंग्रजीत तो शब्द चेष्टेचा झाला, आणि २०१४ च्या कायद्याने तो आदेशच निकालात काढला.

आपल्या कायद्याचं खरं मर्म कलम ५६ मध्ये आहे. नुसता त्रास पुरत नाही. आणखी एक अट लागते: जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, अशी अधिकाऱ्याची खात्री व्हायला हवी. म्हणून आदेशात साक्षीदारांची नावं नसतात. असतात 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब', जबाब 'इन-कॅमेरा'. नोटिशीत आरोपांचं ढोबळ स्वरूप सांगायचं, तपशील नाही. तपशील दिला तर कोण बोललं ते कळेल. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, अपील तीस दिवसांत राज्य सरकारकडे. जालन्याच्या एका प्रकरणात २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की हा अपवादात्मक उपाय आहे, जपून वापरा, आणि पूर्ण दोन वर्षं घालवायची असतील तर तशी कारणं नोंदवा. निवडणुका आणि गणपती जवळ आले की याद्या लांबतात, हे कोणालाही पेपर वाचून कळतं. त्यात 'जपून' किती असतं ते मला सांगता येणार नाही.

आमच्या रायगड जिल्ह्यात माणसाला बाहेर काढण्याचा आणखी एक शब्द आहे, आणि तो पोलिसांचा नाही, गावकीचा. 'वाळीत टाकणे'. वाळणे म्हणजे सुकणे, तसंच वाळणे म्हणजे वगळणे. आवाज एक, अर्थ दोन, आणि वाळीत पडलेल्या घराला दोन्ही सारखेच लागू. दुकानात माल नाही, लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. अशा इतक्या तक्रारी या जिल्ह्यातून आल्या की रायगड त्यासाठीच ओळखला जाऊ लागला. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मग २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, ३ जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद. वाळीत टाकलेला माणूस गावात असतो, पण गावाला नसतो. तडीपार माणूस गावात नसतो, पण गावाच्या तोंडी रोज असतो. गावकीने टाकलं तर तो गुन्हा, सरकारने काढलं तर तो आदेश. फरक आहे, आणि तो असावाही: इथे नोटीस आहे, मुदत आहे, अपील आहे. तरीही मी या दोन शब्दांना एकमेकांपासून फार लांब बसवणार नाही.

आता तटस्थ. नातवाच्या प्रकरणात जबाब घेत होते तेव्हा माझ्याकडेही विचारणा झाली होती. माझ्या स्कूटरचा आरसा त्यानेच फोडला होता, मी खिडकीतून पाहिलं होतं. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही." आवाज स्थिर होता. अ कोणीतरी झालं, ब कोणीतरी झालं, मी अक्षर न होता सुटलो. तट, तटस्थ, तडजोड, तड लावणे, तडीपार: एका धातूच्या या घरात मी माझ्यासाठी सर्वांत कोरडी खोली निवडली. त्याआधीच्या तीन वर्षांत त्याला दारात बोलावून "बाबा रे, हे काय चाललंय" एवढं विचारावं, असंही मला सुचलं नव्हतं. राज्याने १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम काढली, गावात समित्या बसल्या, झाडाखालच्या पारावर तंटे मिटवायचे ठरले. शहराला पार नाही. आमच्याकडे वडही नाही. आहे तो फक्त दुसरा पार, पलीकडचा.

कोथिंबीर घेताना आजीने माझ्याकडे का पाहिलं नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. ती मला 'अ' समजत असेल का 'ब'?

गेल्या महिन्यात आदेशाची मुदत संपली आणि पोरगा परत आला. थोडा जाड झाला आहे. नाशिकला मावसभावाच्या गॅरेजमध्ये काम करत होता म्हणतो. सायलेन्सर जागेवर आहे. गल्लीतली लहान मुलं त्याला "ए तडीपार" अशी हाक मारतात. तो ओ देतो.